बॉट गो-लाइव्ह व्हायच्या आधी काय काय करून ठेवायचं

पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये मी ११ वर्षं अकाउंट्स पेयेबलला, म्हणजे व्हेंडरची बिलं बघणाऱ्या विभागात होतो. काम सांगायला सोपं आहे, व्हेंडरचं बिल आलं की ते पीओशी (खरेदीची ऑर्डर) आणि जीआरएनशी (माल मिळाल्याची नोंद) लावून बघायचं, तिन्हीकडे नग आणि रेट जुळले की सिस्टीमला पोस्ट करायचं, नाही जुळले तर प्लांटला फोन, व्हेंडरला मेल, परत फोन. थ्री-वे मॅच म्हणतात याला. टीम २२ जणांची होती. आज तिथे ६ जण आहेत आणि बिलं पूर्वीपेक्षा जास्त जातात, कारण बरंचसं काम आता बॉट करतो, म्हणजे माणसाच्या क्लिक आपोआप करणारं सॉफ्टवेअर.

बाकीचे १६ कुठे गेले ते नीट सांगतो, कारण नोकऱ्या कशा जातात ते त्यातच दिसतं. ५ जण आपणहून सोडून गेले आणि त्यांच्या जागी कुणाला घेतलंच नाही. ४ जण थर्ड पार्टी पेरोलवर होते, म्हणजे काम इथे पण नोकरी दुसऱ्या एजन्सीची, मार्चला त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं ते पुढे वाढवलं नाही. ३ जणांना दुसऱ्या प्रोसेसला टाकलं, कायमची नाइट शिफ्ट, त्यातल्या दोघींची मुलं लहान, सहा महिन्यांत तिघंही नोकरी सोडून गेली. आणि शेवटच्या ४ जणांना एकेकटं मीटिंग रूममध्ये बोलावून राजीनामा लिहून घेतला, त्यात मी होतो. म्हणजे कागदावर बघाल तर ऑटोमेशनमुळे एकाही माणसाची नोकरी गेलेली नाही. कुठल्याच सरकारी आकड्यात आम्ही १६ जण नाही आहोत.

आम्ही जागे झालो तेव्हा बॉट चालू होऊन सहा महिने झाले होते, आणि तेव्हा आमच्या हातात मागायला काही उरलंच नव्हतं. जे काही करायचं असतं ते गो-लाइव्हच्या, म्हणजे बॉट चालू व्हायच्या आधी, एवढं एक मला कळलंय आणि ते कसं करायचं तेवढंच खाली लिहितोय.

येतंय हे कसं ओळखायचं

अनाउन्समेंटची वाट बघू नका. आधी माणसं भरणं बंद होतं. कुणी सोडलं की मॅनेजर म्हणतो सध्या बॅकफिल नाही, काम वाटून घ्या. हे सलग दोन-तीनदा झालं की समजा. मग बाहेरचे दोन कन्सल्टंट येऊन शेजारी बसतात, तुम्ही एक बिल कसं करता ते बघतात, किती मिनिटं लागली ते लिहून घेतात. मग एसओपी, म्हणजे काम पायरीपायरीने कसं करायचं तो कागद, नव्याने लिहायला सांगतात, आणि यावेळी प्रत्येक क्लिकचा स्क्रीनशॉट मागतात. नवीन माणसाला शिकवायला इतका बारीक एसओपी लागत नाही, माणूस दोन दिवस शेजारी बसून शिकतो. प्रत्येक क्लिकचा स्क्रीनशॉट लागतो तो बॉट लिहिणाऱ्याला. काही ठिकाणी लॅपटॉपवर स्क्रीन रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअरच टाकतात.

आमचा बॉट पहिल्या महिन्यात निम्मी बिलंसुद्धा नीट लावत नव्हता. आम्हाला वाटलं हे काही चालणार नाही, आणि तिथेच चुकलो. कारण त्याने जे चुकवलं ते आम्ही दुरुस्त करत होतो, कशामुळे चुकलं ते शीटमध्ये भरत होतो आणि त्या शीटवरून दर पंधरा दिवसांनी त्याचे नियम सुधारत होते. तुमच्याकडे अशी शीट भरून घेत असतील तर तुम्ही शिकवणी घेताय हे लक्षात ठेवा. ते काम नाकारा असं मी म्हणत नाही, पण ते वेगळं काम आहे, तुमच्या केआरएमध्ये (ठरवून दिलेल्या कामांची यादी) आणि अप्रेजलमध्ये ते त्या नावाने लिहून घ्या.

आजच्या आज करायची कामं

कागद गोळा करा. ऑफर लेटर, अपॉइंटमेंट लेटर, प्रत्येक वर्षाचं इन्क्रिमेंट लेटर, सगळ्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६, अप्रेजलचे निकाल, शाबासकीचे मेल असतील तर त्यांची प्रिंट. पीएफच्या यूएएनला (तुमचा पीएफचा कायमचा नंबर) स्वतःचा चालू मोबाईल नंबर आणि आधार जोडलाय का बघा. ज्या दिवशी मीटिंग रूममध्ये बोलावतात त्याच दिवशी लॉगिन बंद होतं, नंतर एक सॅलरी स्लिप मिळवायला महिना जातो. फक्त हे सगळं तुमचे स्वतःचे कागद आहेत तेवढेच घ्या, कंपनीच्या फाइल्स, व्हेंडरची लिस्ट वगैरे पर्सनल मेलवर चुकूनही पाठवू नका, त्यावरून उलट तुम्हालाच काढायला कारण मिळतं.

दुसरं, एक वही घाला. बॉटला जे जमत नाही आणि तुमच्याकडे येतं त्याला एक्सेप्शन म्हणतात, रोज तुम्ही कुठलं एक्सेप्शन कसं सोडवलं ते एका ओळीत लिहा, नावं आणि रकमा न लिहिता. व्हेंडरने भाडं वेगळ्या ओळीत लावलं म्हणून बिल अडकलं, माल दोन खेपांत आला आणि जीआरएन एकच झाला, जीएसटी नंबर जुन्या युनिटचा टाकला, असं. तीन महिन्यांनी ती वही वाचा, तुम्हाला नेमकं काय येतं ते तुम्हालाच पहिल्यांदा कळेल. ११ वर्षं आम्ही इंटरव्ह्यूत सांगायचो ‘इनव्हॉइस प्रोसेसिंग’, आणि तेच तर आता मशीन करतं.

तिसरं, स्वतःची मेडिक्लेम काढा, नोकरी असतानाच. कंपनीची पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते आणि नेमके तेव्हाच आईवडिलांचे दवाखाने निघतात.

आणि घरी सांगा. हे मी मनापासून सांगतोय. आमच्यातला एक जण दोन महिने रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि दिवसभर बागेत नाहीतर लायब्ररीत बसायचा, घरी माहीत नाही. बायकोला कळलं ते बँकेच्या हप्त्याच्या मेसेजवरून. त्या दोन महिन्यांत त्याची जी तब्येत गेली ती नोकरीमुळे गेली नाही, लपवण्यामुळे गेली.

राजीनामा लिहायच्या आधी हे वाचा

मीटिंग रूममध्ये गोड बोलतात. राजीनामा दिलास तर रेकॉर्ड स्वच्छ राहील, पुढची नोकरी लगेच मिळेल, नाहीतर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल, आत्ता सही कर. मी सही केली. करायला नको होती आणि का ते हिशोब मांडून सांगतो.

काम उरलं नाही म्हणून मालकाने काढलं तर कायद्यात त्याला कामगार कपात म्हणतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झालीये, त्याआधी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता, आणि या बाबतीत दोन्हीत गाभा तोच आहे. एक वर्ष सलग नोकरी झाली असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस कारणासकट किंवा तेवढा पगार, आणि झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. नवीन संहितेत आणखी एक आलंय, कपात झालेल्या माणसाच्या खात्यात शेवटच्या पगाराच्या दराने १५ दिवसांचे पैसे रीस्किलिंग (नवीन काम शिकण्याच्या) फंडातून ४५ दिवसांच्या आत जमा व्हायला पाहिजे. समजा पगार ३६,००० आणि नोकरी ११ वर्षं, तर ढोबळमानाने १८,००० गुणिले ११, म्हणजे १,९८,००० रुपये, वर नोटिशीचा महिना ३६,०००, वर रीस्किलिंगचे १८,०००. अडीच लाखांच्या वर जातं. राजीनामा दिला की यातलं काहीच मिळत नाही, कारण तुम्ही ‘स्वतःहून’ गेलात. ग्रॅच्युइटी तेवढी राहते, ५ वर्षं झाली असतील तर राजीनामा दिला तरी तो तुमचा हक्क आहे. आणि वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो की कपात, पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत मिळायला पाहिजे, ४५ दिवसांनी फुल अँड फायनल करू म्हणाले तर हे दाखवा.

एचआर म्हणेल तुम्ही एक्झिक्युटिव्ह आहात, कामगार नाही. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय त्याने ठरत नाही, रोज प्रत्यक्षात काय काम करता त्यावर ठरतं. कारकुनी, टेक्निकल, ऑपरेशनल काम करणारा संहितेत कामगार आहे. मॅनेजरचं काम करणारे त्यात येत नाहीत, आणि सुपरवायझरचं काम करून १८,००० च्या वर पगार असेल तर तेही नाहीत. टीम लीड असं नुसतं नाव असेल आणि दिवसभर स्वतःच बिलं करत असाल तर तुमची बाजू मांडता येते.

म्हणून त्या खोलीत एकच वाक्य बोला, ‘मला हे सगळं लेखी द्या, मी वाचून दोन दिवसांत उत्तर देतो.’ मग उठा. बाहेर आल्यावर लगेच स्वतःच्या मेलवरून एचआरला मेल टाका की आज इतक्या वाजता मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी राजीनामा दिलेला नाही. हा मेल पुढे कामगार आयुक्तांच्या ऑफिसात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. पुण्यात आयटीतल्या लोकांच्या संघटना आहेत, त्यांच्याकडे जायला लाजू नका, आपण व्हाइट कॉलर वगैरे म्हणून आम्ही गेलो नाही आणि त्याची किंमत वर मांडलीच आहे.

पगार २१,००० पर्यंत असून ईएसआयसी (कामगार विमा) कापली जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेबद्दल, ती सध्या चालू आहे का हेही, ईएसआयसीच्या ब्रँचमध्ये विचारा, बेकारीत ९० दिवसांपर्यंत सरासरी कमाईच्या निम्मे मिळायची त्यात सोय आहे. आमच्या थर्ड पार्टीवाल्या चौघांना कुणी हे सांगितलंच नव्हतं.

शिकायचं काय

ईएमआयवर ८०-८० हजारांचे एआय कोर्स विकणारे लोक नोकरी गेलेल्या माणसाला बरोबर हेरतात, त्यांच्या नादी लागू नका. आपल्या कामाला लागून जे आहे ते आधी शिका. आमच्या लायनीतलं उदाहरण देतो. जीएसटीत खरेदीवर दिलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळायला सप्लायरने भरलेलं बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या दर महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये, दिसावं लागतं, नाही दिसलं की क्रेडिट अडकतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, आलं. चाकण, भोसरी, शिरोली, साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराकडे हे बघायला पूर्ण वेळ माणूस नसतो, सीए महिन्यातून एकदा बघतो. ज्याने ११ वर्षं बिलं जुळवली त्याला हे पंधरा दिवसांत येतं. आमच्यातली एक ताई आज चार कारखान्यांचं हे काम घरून करते, पगार पूर्वीएवढा नाही पण मान आहे आणि संध्याकाळी मुलांजवळ असते. बाकी एक्सेलमध्ये पॉवर क्वेरी, थोडं एसक्यूएल, आणि बॉटने केलेलं काम तपासायचं कसं, हे सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर आणि यूट्यूबवर फुकटात शिकता येतं.

पण मी इथे खोटी आशा दाखवणार नाही, १६ जणांपैकी सगळ्यांना हे जमलं नाही. एक जण ४९ वर्षांचा होता, इंग्रजी बेताचं, तो आता एका सोसायटीच्या ऑफिसात निम्म्या पगारावर आहे. त्याला नवीन शीक म्हणणं सोपं आहे, शिकायच्या सहा महिन्यांत घर कोण चालवणार? म्हणून एकेकट्याच्या पुढे जावंच लागतं.

टीमने मिळून काय करायचं

हे सगळं आपल्याकडे आधी घडून गेलंय. १९६९ मध्ये केंद्र सरकारने ऑटोमेशनवर समिती नेमली होती, अध्यक्ष पुण्याचेच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर, रिपोर्ट आला १९७२ ला. बँकांमध्ये कॉम्प्युटर आले ते १९८३ च्या कराराने, इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना समोरासमोर बसल्या आणि मशीन किती, कुठे, ती चालवणाऱ्याला जादा भत्ता किती, हे मशीन यायच्या आधी ठरलं. मग रंगराजन समितीचा रिपोर्ट आला, शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची मशीन बसली. जुने बँकवाले अजून एएलपीएम म्हणतात त्यांना. पुढे २०००-०१ ला व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती योजना) आली तेव्हा सरकारी बँकांतून साधारण १ लाख लोक बाहेर पडले, पण झालेल्या प्रत्येक वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यात जे कमी असेल ते घेऊन. आम्हाला कायद्याने मिळायचे ते १५ दिवस, आणि तेही आम्ही राजीनाम्यात घालवले. फरक कशाने पडला? संघटना होती आणि बोलणी आधी झाली.

त्या करारांची एक बाजू मला खटकते, तीही सांगतो. आत होते त्यांना संरक्षण मिळालं, पण क्लार्कची भरती नंतर कित्येक वर्षं आटली, म्हणजे किंमत मोजली ती त्यावेळी बीकॉम होऊन बाहेर पडलेल्या पोरांनी, ज्यांना करारात आवाजच नव्हता. आज फ्रेशर्सचं तेच चाललंय. त्यामुळे कंपनीकडे काही मागाल तेव्हा दरवर्षी किती नवीन मुलं घेणार हा आकडा पण मागा.

हातात एक कायदेशीर धागा आहे. ज्या सुधारणेमुळे कपात होण्याची शक्यता आहे अशी नवी पद्धत आणायची तर ज्यांच्यावर परिणाम होणार त्या कामगारांना आधी नोटीस द्यायची आणि २१ दिवस थांबायचं, ही तरतूद १९४७ च्या कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. आम्हाला अशी नोटीस मिळाली नाही आणि ती मागायची असते हे आम्हा २२ पैकी एकालाही माहीत नव्हतं. तर एसओपीचे स्क्रीनशॉट मागितले त्याच आठवड्यात टीममधल्या निदान पाच-सहा जणांनी एकत्र सही करून मेल टाका. भाषा सभ्य ठेवा, चारच प्रश्न विचारा: कुठली कामं ऑटोमेट होणार, कधी, त्यानंतर टीम किती जणांची राहणार, आणि उरलेल्यांना पगारी वेळेत कशाचं ट्रेनिंग देणार. उत्तर गोलमोल आलं तरी जपून ठेवा. एकट्याने पाठवू नका, एकट्याचा मेल पुढच्या अप्रेजलमध्ये निघतो.

वाचणाऱ्यांत कुणी मॅनेजर असेल तर त्यांना एवढंच म्हणेन की बॉटमुळे वर्षाला किती वाचणार हा आकडा तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये असतोच, त्याच स्लाइडवर लोकांच्या ट्रेनिंगची आणि भरपाईची रक्कम वजा करून दाखवा. ती वजा केल्यावरही प्रोजेक्ट फायद्याचा ठरत असेल तर मग अडचण कुठे आहे?

आणि सरकारकडे काय मागायचं

तुमची सॅलरी स्लिप काढा. प्रोफेशन टॅक्स म्हणून महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. हा टॅक्स महाराष्ट्रात १९७५ ला रोजगार हमी योजनेसाठी आला. १९७२ च्या दुष्काळात खेड्यात हाताला काम नव्हतं, वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी राज्यभर गेली, १९७७ ला तिचा कायदा झाला, आणि शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खडी फोडणाऱ्याची मजुरी देता आली. दुष्काळ हा काही त्या शेतमजुराचा गुन्हा नव्हता म्हणून सगळ्यांनी मिळून वाटा उचलला. सॉफ्टवेअरमुळे काम गेलं तर त्यातही माणसाचा काही गुन्हा नसतो. आज तीच कल्पना शहरातल्या माणसासाठी का वापरू नये, हे मी अगदी गंभीरपणे विचारतोय.

दुसरं आपलंच उदाहरण माथाडी कायद्याचं, १९६९ चं. हमाल आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर, पण मजुरीवरची लेव्ही बोर्डाकडे जमा होते आणि पीएफ, सुट्ट्या, दवाखाना बोर्ड बघतं, मालक बदलला तरी हक्क तुटत नाही. थर्ड पार्टी पेरोलवरच्या पोरांना नेमकं असंच काहीतरी पाहिजे.

बाहेरचं बघायचं तर स्वीडनमध्ये मालक आणि संघटना यांच्या करारातून १९७४ पासून अशा संस्था आहेत ज्या कपात झालेल्या माणसाला नवीन कामापर्यंत पोचवतात, पैसे मालकांकडून. २०२२ पासून तिथे आठ वर्षं काम केलेल्या माणसाला शिकायला ४४ आठवड्यांपर्यंत पगाराच्या बऱ्याच मोठ्या हिश्श्याएवढा भत्ता मिळू शकतो, एका मर्यादेपर्यंत. आपल्या ४९ वर्षांच्या माणसाचा प्रश्न हाच होता, कोर्स फुकट आहे पण घर कोण चालवणार.

पण मागणी करायला आधी आकडा लागतो आणि मी वर म्हटलं तसं आपण कुठल्या आकड्यातच नाही. तर सुरुवात माहितीच्या अधिकारापासून करा, फी १० रुपये, महाराष्ट्राच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येतं, अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे. कामगार आयुक्त कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला असं लिहा: ‘मागील तीन वर्षांत पुणे जिल्ह्यातील माहिती तंत्रज्ञान व बीपीओ आस्थापनांकडून कामगार कपातीच्या किती सूचना प्राप्त झाल्या, त्यांत एकूण किती कामगारांचा समावेश होता, आणि सक्तीच्या राजीनाम्याच्या किती तक्रारी नोंदवल्या गेल्या, याची वर्षनिहाय माहिती द्यावी.’ ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. ऑक्टोबरात टाकलात तर डिसेंबरात नागपूरचं हिवाळी अधिवेशन असतं तोवर कागद हातात असेल, त्याची झेरॉक्स घेऊन आपल्या आमदाराच्या ऑफिसात जा आणि यावर तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो) टाका म्हणून लेखी पत्र द्या, पोच घ्या. माझा अर्ज या आठवड्यात जातोय, नाशिक, नागपूर आणि ठाण्याचा तिथल्या कुणीतरी टाका.